दिव्यासाठी सांगितलेली गोष्ट

मरगदमच्या डोक्यावर केस नाहीत हे अठ्ठावीस वर्षं जगात दोघींनाच माहीत होतं. एक ती आणि दुसरी मी. तिच्या नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं. तो लॉरीवर असायचा, महिन्यातून चार दिवस घरी यायचा आणि ते चार दिवस ती टोप घालूनच निजायची. तो गेला तो काही न कळताच गेला. मुलगी वासुकी एकाच घरात राहते, तिलाही पत्ता नव्हता. तिसरा माणूस मी केला.

माझं नाव कनगम. मद्रासच्या कोडंबाक्कममध्ये सिनेमातल्या बायकांचे केस बांधण्यात माझी चाळीस वर्षं गेली. मरगदम माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आधी ती घोळक्यात नाचायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तिची उंची आणि पाठ अगदी हिरोइनीसारखी आहे, तेव्हापासून ती बदली नाचायला लागली. अवघड गिरक्या मरगदमच्या, चेहरा दुसरीचा. अशी चौदा वर्षं. त्या वेळचे टोप म्हणजे तारेचा सांगाडा, त्यावर माणसाचे केस आणि कपाळाच्या कडेने डिंक. संध्याकाळी तो डिंक ओढून काढायचा, त्याबरोबर तिचे स्वतःचे केस मुळासकट यायचे. आधी माझी गुरू ओढायची, पुढे मीही ओढले. पंचेचाळिशीच्या आतच तिची टाळू तळहातासारखी झाली. मग मीच तिला घरी घालायला हलका टोप करून दिला. दर दोन वर्षांनी नवा. प्रत्येक नव्या टोपात थोडे पांढरे केस वाढवत गेले, वय दिसायला नको का?

देवसहायम वडपळनीच्या बसथांब्यामागे फोटोचं दुकान चालवतो. त्याचे वडील मोठ्या स्टुडिओत फोटोग्राफर होते. हिरोइनींचे जे काळेपांढरे फोटो लोक भिंतीवर देवाशेजारी लावायचे, ते त्यांनी काढलेले. देवा मात्र लग्नांचे आणि पासपोर्टचे फोटो काढून पोट भरायचा. तीस वर्षं माझ्या घरी त्याचं येणं-जाणं. माझा नवरा गेला तेव्हा दवाखान्यापासून स्मशानापर्यंत सगळं त्यानंच केलं. सख्खा भाऊ काय करील असा तो होता. हे मी आजही नाकारत नाही.

एक दिवस तो आला आणि चपला काढायच्या आधीच बोलायला लागला.

"अक्का, आप्पांचे दिवे माळ्यावरून खाली काढले. तिन्ही लागतात!"

"मग? देवळाच्या जत्रेला देणार का भाड्यानं?"

"चेष्टा नको. आपल्या बायका आहेत ना, घोळक्यात नाचायच्या त्या, आता सत्तरीच्या. त्यांचे फोटो काढायचे. आप्पा काढायचे तसेच. तोच उजेड, तसेच केस, तसंच काजळ. जिच्या तोंडावर जन्मात कधी दिवा पडला नाही, तिच्यावर टाकायचा. आळ्वारपेटला एक हॉल आहे, तिथली बाई प्रदर्शन लावायला तयार आहे."

मी म्हणाले, "केस कोण बांधणार?"

"म्हणजे काय? दुसरं कोण आहे?"

सात बायका ठरल्या. सगळ्यात शेवटी मी मरगदमकडे गेले. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझी पाठ काढायची असेल तर सांग. पाठ अजून चांगली आहे."

"चेहरा काढायचाय, मरगदक्का."

"त्र्याहत्तराव्या वर्षी? त्या देवाला मोतीबिंदू झालाय का?" पण निवडलेली भाजी आणि देठं तिनं एकाच ताटात टाकली होती, ती तिला दिसलीही नाहीत. थोड्या वेळानं हळू आवाजात विचारलं, "आणि हे?" डोळे वर, टोपाकडे.

"पडदा लावून मी एकटी करीन. कुणाला दिसणार नाही. माझ्यावर सोड."

"तुझ्यावरच आहे गं सगळं," ती म्हणाली.

तिच्या फोटोच्या आदल्या दिवशी देवाच्या दुकानात आम्ही दिवे लावून बघत होतो. मरगदमच्या जागी मी बसले होते. म्हाताऱ्या चेहऱ्यावर उजेड टाकणं हे नाजूक काम. दिवा फार वर नेला की डोळ्यांखाली खड्डे पडतात, खाली आणला की माणूस भुतासारखं दिसतं. नाकाखाली फुलपाखराएवढी सावली पडेल तेवढाच वर ठेवायचा. मांडीवर चांदीचा कागद चिकटवलेला पुठ्ठा धरायचा म्हणजे गळ्याच्या सुरकुत्या भरून येतात. कॅमेऱ्याच्या भिंगावर बाईचा झिरझिरीत पायमोजा ताणून बसवायचा आणि मधोमध सिगारेटनं भोक पाडायचं, मग डोळे लख्ख येतात आणि बाकीचं धुक्यात जातं. हे सगळं आप्पांचं. देवाला ते हातात होतं, कधी वापरायलाच मिळालं नव्हतं.

तिसरा दिवा मागून. त्यानं केसांच्या कडेला चंदेरी रेघ येते. त्या रेघेशिवाय जुना फोटो जुना वाटतच नाही. देवानं तो माझ्या मानेमागे लावला आणि म्हणाला, "उद्या हा अजून वर घेतो."

मी दचकले. मागून उजेड आला की टोपाची कपाळावरची जाळी पारदर्शक होते, खालची कातडी चमकते. मोठ्या फोटोत ते लपणार नाही.

"वर नको. बाजूनं घे."

"बाजूनं कसा घेऊ? रेघच येणार नाही."

"देवा, ऐक माझं."

"कारण तर सांग!"

आणि मी सांगितलं. दिवा नीट लागावा म्हणून सांगितलं. त्याच्या बापाच्या फोटोत एकही जाळी दिसली नव्हती, तशीच ह्या फोटोत दिसू नये म्हणून. एवढंच सांगून थांबायला हवं होतं, पण तोंड एकदा उघडलं की मागचं सगळं बाहेर येतं. नवरा, लॉरी, झोपताना टोप. देवानं गळ्यातलं पदक ओठांना लावलं. "वेळांगण्णी मातेची शपथ, अक्का. माझ्याजवळच राहील."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून त्यानं आडोसा केलेला होता. आत खुर्ची आणि मोठा आरसा. आरसा थोडा तिरका होता. मी सरळ करायला गेले तर म्हणाला, "राहू दे, भिंत ओली आहे, निसटेल."

आत मी मरगदमचा टोप उतरवला. टाळूवर खोबरेल लावलं, ती नेहमी मागते तसं, अंगठ्यानं, गोल गोल. तिनं डोळे मिटले. दात काढून वाटीत ठेवले होते. गुडघ्यावर हात, परकर आणि जुनं पोलकं. ती म्हणाली, "कनगम, एवढ्या वेळापुरती तरी डोक्याला हवा लागते बघ."

मग मोठा टोप चढवला. कपाळावर लाट आणि मानेवर सैल अंबाडा, आकडे सगळे आतून. पापण्यांच्या कडेला लांब काजळ. तिच्या सांगण्यावरून हनुवटीवर एक तीळ. काळी शिफॉनची साडी आणि मोत्यांचा खोटा सर. बाहेर येऊन ती स्टुलावर बसली आणि देवानं मोठा दिवा लावला. मांडीवरचा पुठ्ठा मी धरला होता, म्हणून तिचा चेहरा मला खालून दिसत होता. हनुवटी आपसूक वर आली. मान लांब झाली. चौदा वर्षं ती जे दुसरीला करताना बघत होती, ते सगळं तिच्या अंगात होतंच.

"ऊन लागतंय गं," ती म्हणाली.

"रडू नको हं, काजळ जाईल."

"रडतंय कोण? तो फोटो काढतोय की झोपला?"

देवानं आठ फोटो काढले. त्यातला सहावा मी पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सांगते ते खोटं नाही, चाळीस वर्षांत मी असा फोटो पाहिला नव्हता.

जाताना सह्या घ्यायच्या होत्या. कागद इंग्रजीत होता. मी देवाला विचारलं, काय लिहिलंय. तो म्हणाला, "फोटो लावायची परवानगी, एवढंच." मी मरगदमला सांगितलं, "फोटो लावायची परवानगी, एवढंच." तिनं सही केली. तिची सही फार वळणदार आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी जाऊन तिला तयार केलं. घरचाच टोप, पण अंबाडा त्या फोटोतल्यासारखा, त्यावर अबोलीचा गजरा. वासुकीला कामावरून सुटी नव्हती. रिक्षातून जाताना मरगदम आमंत्रणाचं कार्ड पुन्हा पुन्हा काढून बघत होती. कार्डावर तिचाच फोटो होता, तो सहावा.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तो फोटो समोरच दिसला, माणसाच्या उंचीचा. त्याच्यापुढे मात्र कुणीच नव्हतं. गर्दी त्याच्या शेजारी होती. तिथे दुसरा फोटो होता. तेवढाच मोठा.

आरशातला. चादरीच्या फटीतून काढलेला. बोळकं तोंड, मिटलेले डोळे, परकर. उघडी टाळू तेलानं चमकणारी आणि तिच्यावर एक हात. बांगड्यांवरून मी ओळखला. माझा हात.

बाकीच्या सहा जणींचंही तसंच. प्रत्येकीचे दोन. लूर्दम्माळचे दात पेल्यात, कुणाच्या पोटाला पट्टा. पण गर्दी मरगदमपाशी. खादीची साडी नेसलेली एक बाई माईकवर बोलत होती, की पहिल्या फोटोत एक काळ खोटं बोलतोय आणि दुसऱ्यात एक स्त्री खरं बोलतेय. लोक मान हलवत होते. एकीनं डोळे पुसले.

मी मरगदमकडे बघू शकले नाही. माझ्या हातात तिचा हात होता, तो तिनं काढून घेतला. तेवढ्यात एका कॉलेजच्या मुलीनं तिला ओळखलं, धावत आली आणि तिचे दोन्ही हात धरले. "आजी, ह्या तुम्हीच ना? किती धीट आहात तुम्ही!"

मरगदमनं त्या फोटोकडे नीट पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाली, "मी नव्हे, बाळ. ती माझी बहीण. गेली बिचारी."

मुलीचा चेहरा पडला. मरगदम वळली आणि चालत बाहेर आली. पाठ ताठ होती. घराच्या दारात किल्ली लावताना, माझ्याकडे न बघता विचारलं, "तू सांगितलंस त्याला?"

खोटं बोलता आलं असतं. त्यानं चोरून काढला, मला काय माहीत, असं म्हणता आलं असतं. अर्धं ते खरंच होतं.

"दिव्यासाठी सांगितलं, मरगदक्का. मागचा दिवा..."

"दिव्यासाठी," ती म्हणाली. आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवाच्या दुकानात गेले. तो खुशीत होता. माझ्यासाठी कॉफी मागवायला लागला.

"खाली काढ तो फोटो."

"अक्का, तू बस आधी. काल लोक रडले. माझा फोटो बघून कुणी रडलंय का आजवर?"

"तू शपथ घेतली होतीस."

"मी कुणाला सांगितलं का? एक शब्द बोललो नाही."

तो मस्करी करत नव्हता. त्याला ते पटलेलं होतं.

"तिला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती?"

"नसती म्हणाली."

"म्हणून तर नाही विचारलं." मग त्याचा आवाज बदलला. "पहिला फोटो आप्पांचा आहे, अक्का. दिवे आप्पांचे, मोजा आप्पांचा, रेघ आप्पांची. जन्मभर मी लोकांचे कान दिसतील असे पासपोर्ट काढले. दुसरा तेवढा माझा आहे."

"दुसरा तिचा आहे."

"तिची सही आहे. कागदात काय आहे ते तूच तिला सांगितलंस."

ती कॉफी तिथेच राहिली.

मी हॉलवाल्या बाईला भेटले. फार गोड बोलली, पाणी दिलं आणि कलावंताच्या कामात आपण हात घालत नाही म्हणाली. बाकीच्या बायकांकडे गेले. दोघी रडल्या. एकीनं देवाच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण मुलाला कळेल म्हणून हॉलवर यायला तयार होईना. लूर्दम्माळ तर म्हणाली, "मला आवडला बाई माझा. नातू म्हणतो, आजी, तू एकदम भारी दिसतेस." तिचं तिच्यापाशी. मला तिच्याशी भांडता येईना.

मग मला सुचलं ते मी केलं. बस पकडून अकरा वाजता हॉल उघडतानाच मी तिथे हजर झाले आणि मरगदमच्या त्या फोटोसमोर उभी राहिले. त्याला पाठ करून, अगदी चिकटून. मी रुंद आहे. टाळू आणि तोंड माझ्या डोक्यामागे बरोबर झाकलं जायचं.

पहारेकरी आला. "आजी, बाजूला व्हा. लोकांना दिसत नाही."

"मी उभी आहे. उभं राहायला तिकीट आहे का?"

"नाही, पण..."

"मग जा. तुझं काम कर."

सात वाजेपर्यंत उभी राहिले. पाय सुजले. दुसऱ्या दिवशी चपलांऐवजी कापडी बूट घालून गेले, डब्यात दहीभात नेला, तोही उभ्यानंच खाल्ला. लोक यायचे, माझ्याकडे बघायचे, कुजबुजायचे. कुणी मला हटवलं नाही. मला वाटलं, लाज आहे लोकांना. हॉलवाली बाई तर स्वतः येऊन खुर्ची हवी का विचारून गेली. मी नको म्हटलं. देवा एकदा लांबून बघून गेला, जवळ आला नाही. मी मनात म्हटलं, भ्याला.

पाचव्या दिवशी एक तरुण जोडपं आलं. बराच वेळ माझ्यासमोर उभं राहिलं. मग मुलानं फोन वर करून माझा फोटो काढला आणि मुलीनं मला विचारलं, "तुम्ही रोज किती तास करता हे?"

"काय करते?"

"हे. सादरीकरण. पेपरात वाचून आलो आम्ही." तिनं फोनवर दाखवलं. मी इंग्रजी वाचू शकत नाही, पण माझा फोटो ओळखू आला. मी उभी, माझ्या खांद्यावरून दिसणारी मरगदमची गुडघ्यावरची बोटं. मुलीनं वाचून त्याचा अर्थ सांगितला. ज्या हातांनी तिला सजवलं तेच शरीर आता तिला झाकायला उभं आहे, झाकण्याचा हा प्रयत्नच प्रदर्शनाचा सर्वांत हृदयस्पर्शी भाग, असं काहीसं. खाली देवसहायमचं नाव होतं आणि लिहिलं होतं, की ही कल्पना त्यानं सुचवली का असं विचारल्यावर तो फक्त हसला.

"नऊ दिवस चालणार ना हे?" मुलगी म्हणाली.

मी डबा उचलला आणि बाहेर आले. मागे वळून पाहिलं नाही, पण माझ्यामागे जागा मोकळी झाली आणि माणसं पुढे सरकली, ते मला ऐकू आलं.

तमिळ पेपरात आलं ते त्याच्या दोन दिवसांनी. वासुकी सकाळीच माझ्या दाराशी उभी राहिली, हातात पेपर. आत ये म्हटलं तर आली नाही.

"मी पन्नास वर्षांची आहे, कनगम मावशी. आईचं डोकं मी पेपरात बघायचं?"

"वासुकी, मी..."

"तुम्ही बघितलंत, त्या फोटोवाल्यानं बघितलं, सगळ्या मद्रासनं बघितलं. एक मीच राहिले होते." तिनं पेपर माझ्या हातात कोंबला. "ती जेवत नाही. डोक्यावरून टॉवेल काढत नाही. टोप बादलीत टाकलाय. तुमचा तो टोप."

मी तीनदा गेले. तीनदा वासुकीच बाहेर आली. चौथ्यांदा गेले नाही.

देवाला पुढे दिल्लीहून बोलावणं आलं, असं ऐकलं. एकदा त्यानं फोन केला. म्हणाला, "अक्का, राग किती दिवस धरशील? नवीन काम आहे, कोळी बायकांचं." मी म्हटलं, "तुझ्या आप्पांचे दिवे जपून ठेव, ते चांगले आहेत." आणि ठेवून दिला. त्यानंतर मी कुणाच्या डोक्याला हात लावला नाही. पेटीतल्या आकड्यांना गंज चढला असेल.

मरगदमला मी पाहिलं ते पाच महिन्यांनी. सालिग्रामममधल्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापाशी सकाळची बायकांची रांग होती. ती आणि वासुकी पिशव्या घेऊन बसवरून येत होत्या. मरगदमच्या डोक्यावर टॉवेल नव्हता, टोप नव्हता. उघडं डोकं आणि त्याला चंदन फासलेलं, पिवळं, नुकतं वाळून तडकायला लागलेलं.

रांगेतल्या बायका वळल्या. एकीनं विचारलं, "तिरुपतीला जाऊन आलीस का गं?"

"हो. नवस होता."

"आणि पेपरात तो फोटो आला होता, तो?"

"तोही नवसच. जुना," मरगदम म्हणाली, तोंडाची रेघही न हलवता. "आता दरवर्षी जाणार आहे."

बायकांनी हात जोडले. कुणी तिच्या पाया पडलं. तिरुपतीला केस दिलेलं डोकं, त्याला कोण हसणार? न्हाव्यानं तिथे वस्तरा कशावरून फिरवला असेल, हे त्या गल्लीत वासुकी सोडली तर फक्त मला माहीत होतं. मला हसू आलं, आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. वाटलं, पुढे व्हावं, म्हणावं, मरगदक्का, शाबास गं.

तिनं पिशवीतून लाडू काढला, तोडून तोडून एकेकीच्या हातावर प्रसाद ठेवत ती पुढे सरकत होती. प्रत्येकीशी बोलत होती. हिला नातवाचं विचार, तिला गुडघ्याचं. माझ्यासमोर आली. एवढ्या जवळून चंदनाचा वास आला. मी ओंजळ पुढे केली.

मी एकवीस वर्षांची असल्यापासून ती मला अगं-तुगं करते.

"घ्या," ती म्हणाली, आणि लाडवाचा तुकडा माझ्या हातावर ठेवून पुढच्या बाईकडे वळली.